कात्र्या, कुंपणं आणि माझं भाषण

तात्यापारा, रायपूर
ऑक्टोबर २००३

ती. गोदाताईस,
धाकट्या नरहरीचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? इकडे सगळं ठीक.

रायपूर राजधानी झाल्यापासून इथे ज्याला त्याला व्याख्यानं ठेवायची हौस आली आहे, म्हणून आमच्या मंडळाने यज्ञेश्वरदादाच्या ज्ञानदाला बोलावलं. (पोट्टी हैदराबादेत कर्करोगावर संशोधन करते, तुला ठाऊकच आहे.) विषय होता, पेशींच्या आतली प्रथिनं तोडणारी विकरं (म्हणजे एन्झाइम्स) आणि गाठीभोवतालचा परिसर. शंकर नगरचं सभागृह भरलं आणि तिची गाडी खोळंबली. मी आठवडाभर फोनवर तिच्याकडून हाच विषय समजून घेतला होता, तेव्हा माईक मीच घेतला.

म्हटलं, पेशीच्या पोटात कात्र्या असतात. जुनी प्रथिनं कापून त्या घर साफ ठेवतात. पण गाठ झाली की शेजारच्या चांगल्या पेशीही बिघडतात, कात्र्या बाहेर काढतात, मधली कुंपणं कापतात आणि रोगाला वाट करून देतात. (इथे टाळ्या पडल्या.) सोपं व्हावं म्हणून पुढे म्हणालो, "समजा मी गाठ, आणि हे माझे शेजारी शालिग्रामजी." आमचं भिंतीवरून भांडण आहे, हे अख्ख्या सभागृहाला माहीत. तो उठलाच. "काहून रे नरहरी, मले कॅन्सर म्हणून राहिला काय?" मी शांतपणे समजावलं, "गाठ मी आहे. तू फक्त कुंपण कापून राहिला." ते त्याला आणखीच झोंबलं.

तेवढ्यात ज्ञानदा पोचली. "काका बरोबर बोलले," ती म्हणाली, "पण सगळ्याच कात्र्या वाईट नसतात. काही तर बिघडलेल्या पेशीला आतूनच संपवतात. म्हणून सरसकट बंद करता येत नाहीत."

"तो दीदी, इलाज?" मागून एका मुलीने विचारलं.

"कोणती कुठे थांबवायची, तेच शोधतोय."

"मग मी चांगल्यातली कात्री," असं म्हणून शालिग्राम बसला. एकूण कार्यक्रम माझ्यामुळे गाजला.

तुझा,
नरहरी

ता.क. माझ्या मानेला गाठ आली आहे. बुधवारी तुकडा काढून तपासायला देणार. मी मुळीच घाबरलेलो नाही. सत्यभामेला सांगितलेलं नाही, ते तू येऊन सांग.

ता.क. (अक्षर सत्यभामेचं) वन्सं, पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं, तेही उघडं. यांना आजवर कुठला विषय इतका नीट समजला होता? भाषणातच ओळखलं मी. बुधवारी सोबत जाते आहे. तरी तुम्ही याच. हे माझा हात सोडायचे नाहीत, आणि पिशव्या कुणीतरी धरायला हव्यात.