माझ्या बाजूचा ब्रेक

४ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी आणि परवापासून ॲक्रोयोगा. जोडीने करायचा प्रकार आहे. एकाने पाठीवर झोपून पाय वर धरायचे, दुसऱ्याने त्या पायांवर तरंगायचं. खाली मी, वर ही. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण हिच्या मते आम्ही दोघांनी मिळून धड एक गोष्ट केलेली नाही. मे अखेरीस क्लासचं प्रात्यक्षिक आहे. पाच आसनं, एकातून दुसऱ्यात सरकत जायचं, मध्ये जमिनीला टेकायचं नाही. एवढं एक करू या हो, म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं की काय, नीट दिसलं नाही.

मी तत्काळ हो म्हटलं. स्मूथ बदल कसा करायचा हे मला कोणी सांगायला नको. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. अर्ध्या गावाने गिअर माझ्यासमोर बदललाय.

६ मार्च
हॉल लाँड्रीच्या वर आहे. फरशी कोमट लागते. शिकवणाऱ्या मॅडम आमच्या लेकीच्या वयाच्या. प्रत्येकाने आपली भीती सांगायची होती. ही म्हणाली, पडायची. मी म्हणालो, कशाचीच नाही. शेजारच्या निवृत्त नर्सबाई उगाच हसल्या.

पहिलं आसन बर्ड. हिचं पोट माझ्या तळव्यांवर, हात पसरलेले. नऊ सेकंद! क्लासमधले पोट्टे बघत राहिले. माझ्या मांड्या म्हणजे खांब आहेत.

११ मार्च
बर्डमधून लीफमध्ये जायचं, म्हणजे वरच्याने कमरेत वाकून खाली लोंबायचं. धाडकन पडलो. मॅडम म्हणतात, बदलाच्या क्षणी माझा उजवा पाय अचानक पुढे झटका मारतो. शक्यच नाही. हिचाच तोल जातो. नाचता येईना अंगण वाकडं.

२० मार्च
ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकाऊकडे सगळं असतं. माझ्या बाजूला फक्त एक ब्रेक. त्या एका ब्रेकवर माझी सव्वीस वर्षांची प्रतिष्ठा उभी आहे. आज एका शिकाऊ बाईंसाठी चौदा वेळा दाबला. बाई म्हणाल्या की त्यांनी आधीच दाबला होता. सगळे असंच म्हणतात.

२ एप्रिल, रात्री जेवणाआधी
आज तीन वेळा पडलो. हिचं म्हणणं असं, की ती पडतच नव्हती, तिने पडायच्या आधीच मी तिला पाडतो. असलं काहीतरी बोलते. मी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं की मूळ अडचण आत्मविश्वासाची आहे. अठरा वर्षांपूर्वी हिला गाडी शिकवायला घेतली होती. चौथ्या दिवशी सिग्नलवर गाडीतून उतरली, रडत घरी चालत गेली. पुन्हा स्टिअरिंगला हात लावला नाही. जिद्दच नाही मुळात.

मॅडमनी विचारलं, त्या दिवशी गाडी कोणी थांबवली होती? मी म्हटलं, मी. दुसरं कोण थांबवणार?

९ एप्रिल
सूचनापद्धती तयार केली. मी खालून ओरडणार: तयार, हलव, सोड, सांभाळ! पहिल्याच "हलव"ला मॅडमनी बोलायला बंदी केली. शिकवायचं नाही, फक्त धरायचं, म्हणे. आता बोलल्याशिवाय माणूस शिकणार कसा? पालथ्या घड्यावर पाणी.

१८ एप्रिल
ही हल्ली सकाळी साडेपाचला नर्सबाईंकडे जाते. जादा सराव. चांगलं आहे, पाया पक्का होईल. गुणगुणत परत येते. आज जेवताना विचारत होती की गाडी मागे घेताना मान वळवायची की आरशात बघायचं. मी चाळीस मिनिटं समजावलं. वाटीतली आमटी गार झाली. एवढी जिज्ञासा अठरा वर्षांपूर्वी दाखवली असती तर!

६ मे
मॅडमनी व्हिडिओ काढून हळू गतीत दाखवला. बदल सुरू होतो. ही छान सरकतेय, शांत. मग एक उजवा पाय पुढे जातो. ही उडते. अकरा वेळा पाहिला. मॅडम म्हणाल्या, हातच्या कांकणाला आरसा कशाला? बरोबर. पण मोबाइल तिरका धरला होता, हे कोणीच लक्षात घेत नाही.

संकल्प: उद्यापासून उजवा पाय कमी वापरणे.

१४ मे
लिहायची इच्छा नाही, तरी लिहितो. आज चार आसनं झाली. चार! बर्ड, लीफ, पुन्हा बर्ड, मग थ्रोन, म्हणजे माझ्या तळव्यांवर ही खुर्चीत बसावी तशी बसलेली. पाचवं तेवढं राहिलं होतं.  हिचा चेहरा मी इतका खुललेला कितीतरी वर्षांत बघितला नव्हता. इतक्यात खालचं वॉशिंग मशीन धडधडलं.

पाय गेला. हिला नर्सबाईंनी वरच्या वर झेललं. माझा पाय बाकावर आपटला. डॉक्टर म्हणाले, दोन आठवडे गाडी नाही, वजन नाही.

ही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या पायावर बर्फ धरून बसली आणि विचारलं, की बावीस वर्षांत एकदा तरी आपण होऊन मी पडले का हो? मी म्हटलं, मी होतो म्हणून नाही पडलीस. बर्फाची पिशवी माझ्या हातात देऊन आत गेली.

१५ मे
प्रात्यक्षिक ही नर्सबाईंबरोबर करणार. मी परवानगी दिली. ठरल्यावर मला कळलं, पण परवानगी दिली.

२८ मे, संध्याकाळी ७.४०
पहिल्या रांगेत खुर्ची. सुजलेला पाय स्टुलावर. खाली नर्सबाई, वर ही. बर्ड. लीफमध्ये सरकताना माझा पाय दाबला गेला. कळ मस्तकात गेली. ही थांबली नाही. पुन्हा बर्ड, पुन्हा माझी कळ. थ्रोन. मग पाचवं. पाण्यावर पान सरकावं तशी. चारही बदलांना मी स्टुलावर ब्रेक मारला आणि ही चारही वेळा पुढे गेली. टाळ्या पडल्या. हिने सगळ्यांत आधी माझ्याकडे बघितलं. मी पायाकडे बघत होतो.

खाली आल्यावर मी म्हटलं, रिक्षा बोलावतो. हिने पर्समधून घरच्या गाडीची किल्ली काढली. मग लायसन्स. तीन दिवसांपूर्वीचं. नर्सबाईंनी शिकवलं, त्यांच्या गाडीवर. म्हणजे रोज सकाळी साडेपाचचा सराव तो हा. त्यांच्या गाडीत ब्रेक एकच, चालवणाऱ्याच्या पायाखाली.

घरापर्यंत अकरा सिग्नल. अकराही वेळा मी पाय दाबला. पायाखाली नुसती चटई. गाडी हिने थांबवली तेव्हाच थांबली, आणि अकराही वेळा वेळेवर थांबली. गेटमधून मागे घेताना एका दमात आत. मला दोन लागतात.

वाटलं, आता म्हणेल, बघितलंत? हिने गाडी बंद केली आणि विचारलं, पाय फार दुखतोय का? मी नाही म्हटलं. खूप दुखत होता. अठरा वर्षं मी समजत होतो की त्या सिग्नलवर ही घाबरून रडली. ती घाबरली नव्हती. तिने थांबवायच्या आधी ब्रेक मी दाबला होता. मला लाज वाटली. कोणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिलं.

२९ मे, सकाळी ९.०५
गाडी घेऊन ही ऑफिसला गेली. मी खिडकीत उभा होतो. कोपऱ्यावर सायकलवाला आडवा आला. मी दुखरा पाय फरशीत दाबून धरला. ही थांबली, त्याला जाऊ दिलं, वळली.

चांगलं शिकवलंय. नर्सबाईंनी.