अव्वाविना पहिली येळवस

१३ नोव्हेंबर १९८३, रविवार. नांदेड
कपाट आवरलं. तळाशी अव्वाची इरकल निघाली. उन्हाळ्यात रफू करायला म्हणून आणली आणि विसरले. तिनं तीनदा निरोप धाडला होता, "माझं लुगडं हाय का इकून खाल्लं?" पदराच्या गाठीत अजून सुपारीचं खांड. रडू येईल वाटलं, हसूच आलं. शाळेच्या रजेच्या अर्जावर 'आईचे निधन' असं लिहिलं होतं, ते मात्र अजून परक्या कुणाचं वाटतं. श्रावणात गेली. रानात वरच्या पट्टीला, विहिरीजवळ, बसवलं तिला. आम्हा लिंगायतांत जाळत नाहीत, बसवून पुरतात. जिथं जन्मभर खुरपलं तिथंच बसली.
लिहीत जाईन म्हणते तिच्याबद्दल. नाहीतर पोरीला काय कळणार, आजी कोण होती ते.

२० नोव्हें., रवि.
अण्णाचं कार्ड. थोरला भाऊ, पत्र लिहितो ते हुकूम सोडल्यासारखं. "वर्षाच्या आत आपल्याला सण नाही. येळवस करणार नाही. तू रजा काढू नये."
दुपारभर डोकं तापलेलं. ह्यांनी विचारलं, "एवढं काय त्यात?" नांदेडच्या ह्या माणसाला काय सांगू? मार्गशीर्षातल्या अवसेला आमच्याकडे गावात कुत्रं राहत नाही, सगळे रानात. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, घालायची, आत पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव मांडायचे, पालेभाज्या-डाळींची भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे, ताकातली आंबील. जेवायचं आणि रानालाही पाजायचं.
आणि खरं कारण वेगळंच. गेल्या साली लातूर नवा जिल्हा, त्यांना येळवशीची सुट्टी. नांदेडला नाही. शाळेत तपासणी होती, मी गेले नाही. अव्वानं माझी पत्रावळ मांडून ठेवली होती. शिवरात्रीला भेटले तर म्हणते, "तुझ्या वाटणीचे उंडे म्हशीला घातले. तिनं तुझ्यापरीस मान राखला."
ती तिची शेवटची येळवस, आणि मी चुकवली. आता ती स्वतः रानात बसलेली आणि तिथं कुणीच फिरकायचं नाही? मी जाणार. अण्णा काय करायचं ते करो.

२७ नोव्हें.
बहात्तरच्या दुष्काळातलं आठवतं. रानात हिरवं म्हणून काही नव्हतं. विहिरीत उतरलं तर तळाची खडी मोजता येत होती. अव्वा सरकारी कामावर खडी फोडायला जायची, पण वेणी घालून, कुंकू लावून. मुकादम म्हणाला, "म्हातारे, लग्नाला आलीस का?" "तुज्या लग्नाला आल्ते, तवा जेवायला कुठं मिळालं?" त्या दिवसापासून तो तिला मावशी म्हणायला लागला. तिथं खायला सुकडी मिळायची ती पदरात बांधून आणायची, स्वतः चिमूटभर.
त्या साली पण येळवस केली. रेशनच्या मिलो ज्वारीच्या लाल पिठाची आंबील, भज्जीत नुसता वाळवलेला चुक्याचा पाला आणि डाळ. कोपीपुढं आम्ही चौघं, भोवती ढेकळं. ती आंबिलीचा तांब्या घेऊन निघाली शिंपडत, येळवशीची हाळी देत, "ओलगे ओलगे, सालम पलगे..." अण्णा तेव्हा ऐन तिशीतला, भडकला. "ढेकळांना पाजून राहिलीस व्हय? घरची माणसं उपाशी हायेत."
"रानानं आजवर तुला पाजलं तवा त्याला इचारलं व्हतंस का?"
तांब्या रिकामा करूनच आली. माझा वाटा अर्धा तांब्या कमी झाला, तेव्हा राग आला होता. आता अभिमान वाटतो, काय करू.

४ डिसें.
लातूर जिल्हा झाल्याचं तिला सांगितलं तेव्हाचं. जात्याजवळ बसली होती. म्हणाली, "मी लग्न होऊन आले तवा बीदर जिल्हा. मग उस्मानाबाद. आता लातूर. मी काय हाले ना का चाले ना, ह्येच येऊन राहिलेत माझ्याकडं." मग थोड्या वेळानं, काळजीनं, "आता त्या उस्मानाबादच्या कलेक्टराला काम काय उरलं गं?"

११ डिसें.
शुक्रवारी रजेचा अर्ज दिला, २ आणि ३ जाने. मोठ्या बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, "रानात जेवायचंय." चष्म्यावरून बघत राहिल्या. मग स्वतःच्या हातानं 'घरगुती' लिहून सही केली. बाई उदगीरकडच्या, तिकडंही येळवस असते, उशिरा लक्षात आलं.
वहिनीला गुपचूप पत्र टाकलं. अण्णाला न कळवता.

२५ डिसें.
वहिनीचं उत्तर. कोप ती घालणार, भज्जी ती करणार. "हे वरच्या पट्टीला पाऊलच टाकत नाहीत. तिथलं सगळं गड्याकडून करून घेतात. विचारलं की म्हणतात गाव काय म्हणेल. पण गावासाठी नाही ते, मला ठाऊक आहे."
आणि खाली: "आंबील तुम्हीच आणा. आत्याबाईंनी मला मडक्याला कधी हात लावू दिला नाही. तुम्हाला शिकवलं असणार."
मी कपाळाला हात लावला. मला वाटत होतं वहिनीला शिकवलंय! मला म्हणायची, "तू नांदेडची पाहुणी, बस." म्हणजे म्हातारीनं दोघींना बनवलं आणि प्रमाण घेऊन गेली.

१ जाने. १९८४, रवि.
अंदाजानं केली. ज्वारीचं पीठ ताकात आंबवलेलं, शिजवलं, निवल्यावर पुन्हा ताक, लसूण, जिरं. अव्वा मूठ दाखवायची, "एवढं." पण तिची मूठ केवढी! नंदा म्हणते, "आई, आजीच्या आंबिलीला आणखी कसला तरी वास यायचा." कसला, ते तिलाही सांगता येत नाही. मोठ्या किटलीत भरली. सांडू नये म्हणून झाकण फडक्यानं करकचून बांधलं.

२ जाने., सोम. गावी
फजिती. लोहा सोडलं आणि खड्ड्याला गाडी उसळली. किटलीचं झाकण बंदुकीसारखं उडालं. आंबून फुगली होती आणि मी शहाणीनं ती आतच कोंडलेली. पुढच्या सीटवरच्या आजोबांची टोपी, मान, सगळं पांढरं. नंदा सीटखाली तोंड लपवून हसतेय. मी माफी मागायला लागले. ते मानेवरचं बोटानं पुसून चाखून म्हणाले, "येळवशीची हाय का? मंग देवानंच दिली की." पुन्हा चाखलं. "मीठ कमी हाय, बाय."
अव्वाच्या पठडीतले वाटले. दोन चिमटी मीठ लातूरच्या स्टँडवर घातलं. निम्मी किटली उरली.
अण्णा ओसरीत होता. किटलीकडं बघितलं, माझ्याकडं नाही.
"कार्ड मिळालं न्हाई का?"
"मिळालं."
"मंग?"
"मंग आले."
संध्याकाळी आमचे जंगम स्वामी आले, वहिनीनंच बोलावलेले. ते अण्णाला हसतच म्हणाले, "आपल्यात सुतक धरत न्हाईत बाबा. हे शेजाऱ्यापाजाऱ्याचं बघून धरून राहिलाय तू." अण्णा उठून जोडे शोधायला लागला. "तिच्याबिगर तिथं बसवत न्हाई मला," म्हणाला आणि बाहेर गेला.
माझा राग तिथंच संपला. पण सकाळी येणार का, ते विचारायचा धीर झाला नाही.

३ जाने., मंगळ. (रात्रीच्या गाडीत, अक्षर हलतंय)
अण्णा आला नाही. म्हशीचं निमित्त केलं.
वहिनी, नंदा, मी, गडी. ज्वारी कमरेच्या वर, हरभरा घाट्यांनी भरलेला. अव्वाच्या जागेवर चार दगड आणि बेलाचं रोप. अण्णा जात नाही म्हणतात, पण रोपाला आळं नीट आहे. गड्याला विचारलं, म्हणाला, "म्या न्हाई केलं."
पांडवांना वाढलं. तिची पत्रावळ मांडली. भज्जी वहिनीची उत्तम, आंबील जेमतेम. नंदानं तोंड वाकडं केलं पण दोन वाट्या प्याली. तिलाच तांब्या दिला. "ओलगे ओलगे" करत गेली ज्वारीतून, वाटेत सांडत, हसत. मला फार आनंद झाला. सांगायचं तर बऱ्याच महिन्यांत एवढं पोटभर जेवले नव्हते. उरलेले उंडे म्हशीसाठी बांधून वहिनीकडं दिले, मान राखायला.
दिवस बुडताना हेंडगा फिरवायचा असतो, पेटती पेंढी घेऊन रानाभोवती एक फेरी. तो दरवर्षी अण्णाच फिरवायचा. पेंढी वहिनीनं कोपीला टेकवून ठेवली होती. आमची गाडी साडेसहाची, गडी त्याच्या रानात गेलेला. तशीच सोडून फाट्यावर आलो, वहिनी पोचवायला.
गाडी लांबून दिसली आणि नंदा ओरडली, "आई, आपल्या रानात बघ!" वरच्या पट्टीला जाळ. कुणीतरी पेंढी पेटवून बांधाबांधानं चाललंय, सावकाश. विहिरीपाशी थांबलं. बराच वेळ थांबलं. मग पुढं.
वहिनी आणि मी नुसत्या बघत राहिलो. कंडक्टर ओरडला तेव्हा नंदा आणि मी चढलो.

१५ जाने., रवि. नांदेड
वहिनीचं कार्ड, तिळगुळाचे चार दाणे चिकटवून. "त्या दिवशी घरी आले तर हे गोठ्यात, म्हणतात दिवसभर घरीच होतो. पण धोतराला जळकी भोकं पडलीत, तीन. विडी तर ओढत नाहीत."
उत्तर लिहायला बसले. हेंडग्याचा शब्द काढला नाही, पुढच्या येळवशीचाही नाही. इरकलीचं रफू आज पुरं झालं, दोरा उरलाय. अण्णाच्या नावानं एवढंच लिहिलं, धोतर पाठवून दे, रफू करून देते.
बघू, पाठवतो का.