उजव्या कानामागचं फूल

सोमवार, ५ ऑगस्ट. सकाळी ६:१०
आजपासून दोन आठवडे अकाउंट्सच्या फर्ममध्ये. अख्ख्या आपिआ शहरात बोभाटा आहे की तानिएलू कॉलेजातून पळाला. पळालो नाही. सरांनी भरवर्गात विचारलं, "तुला डावं-उजवं तरी कळतं का रे?" मी वही टेबलावर आपटली आणि स्वाभिमानाने बाहेर पडलो. स्वाभिमान अजून शाबूत आहे. चार महिने घरात बसून जरा बुरशी आली, इतकंच.
आता प्राचार्यांचं पत्र: दोन आठवडे काम कर, फॉर्मवर सही आण, पुढच्या सेमिस्टरला बस. सही नसेल तर नाव कायमचं कमी.
संकल्प: वेळेवर जायचं. चिडायचं नाही. प्रेमात पडायचं नाही.

सायंकाळी
उशीर झाला. दोष बसचा. माझ्या मांडीवर एक काकू, काकूंच्या मांडीवर तारोच्या कंदांची टोपली. काकू उतरेपर्यंत मी कसा उतरणार?
प्रेमाचा संकल्प दुपारपर्यंत टिकला. मासीना. माझ्या मागच्या टेबलावर बसते.

मंगळवार, ६ ऑगस्ट
वळून बघणं मला शोभत नाही, आणि ती समोर आली की माझी नजर थेट तिच्या सँडलवर जाते. (तपकिरी. एक बक्कल तुटलेलं.) पण देव दयाळू आहे. माझं टेबल भिंतीकडे तोंड करून, आणि भिंतीवर फर्मचं सर्टिफिकेट, काचेच्या फ्रेममध्ये. काचेत मासीना दिसते. कानामागे पांढरं फूल.
डाव्या कानामागे फूल म्हणजे ठरलेली, उजव्या म्हणजे मोकळी. आमच्याकडे दूधपित्या पोरालाही हे कळतं. फूल मला डावीकडे दिसतं. उतावळा माणूस इथेच हाय खाऊन बसला असता. पण माझ्याकडे तोंड करून बसलेल्याचं डावं-उजवं उलटं असतं! म्हणजे उजवा कान. मोकळी!
सरांना हे कळवायला हवं.

गुरुवार, ८ ऑगस्ट
माटालेना मॅडमनी बेकरीचे हिशोब दिले. मॅडम माझ्या फर्ममधल्या साहेब आणि आईच्या चर्चच्या गायनातल्या मैत्रीण, त्यामुळे दोन्हीकडून बोलतात. म्हणाल्या, "बँक तुझ्यासमोर बसलीय असं समज, बाळा. तिच्या कागदावर जे उजवीकडे जमा, ते आपल्या वहीत डावीकडे. फक्त बँकेचाच कागद उलटवायचा. कळलं?"
मला हे मंगळवारपासूनच कळतंय. मनात हसलो.
जास्तीची मेहनत म्हणून बेकरीची वहीसुद्धा उलटवून टाकली.

शुक्रवार, ९ ऑगस्ट
मॅडमच्या मते माझ्या हिशोबात बेकरी पाव विकून बुडाली आणि पीठ विकत घेऊन घेऊन श्रीमंत झाली. "असा धंदा असेल तर मलाही सांग, मी नोकरी सोडते!" असं सगळ्यांसमोर. मागे मासीना हसली. प्रेमाने.
चिडलो नाही. पेन्सिल मोडली, पण ती आधीच कच्ची होती.

सोमवार, १२ ऑगस्ट
फादर्स डेची सुट्टी. बेकरीचे कागद घरी आणलेत.
आणलेत.

बुधवार, १४ ऑगस्ट
मॅडम एक पाकीट घेऊन हळूच आल्या. "शुक्रवारसाठी. जे जमेल ते टाक. आणि शू, मासीनाच्या कानावर जाऊ देऊ नकोस." शुक्रवार माझा शेवटचा दिवस! माझ्या निरोपाची वर्गणी, आणि मासीना रडेल म्हणून तिला सांगायचं नाही. मॅडम घाईत मलाच विचारून बसल्या, बिचाऱ्या. कोणाला संशय नको म्हणून मीही वीस तालाची नोट टाकली.
बेकरी पुन्हा केली. या वेळी काहीच उलटवलं नाही. सुरक्षित.

शुक्रवार, १६ ऑगस्ट. सकाळी
आज बोलणार. कमरेला नवी लावालावा गुंडाळली, कानामागे लाल जास्वंद. उजव्या. आरशात उलटं दिसतं हे ध्यानात ठेवून मुद्दाम दुसऱ्या बाजूला खोचली.

सायंकाळी ५
क्रमाने लिहितो.
तीन वाजता गरम कोको आणि तळलेले गोड पानिकेके आले. मॅडमनी पाकीट काढलं. मी उठून आभाराचं भाषण सुरू केलं. दोन वाक्यं झाली. पाकीट मासीनाला गेलं. डिसेंबरात लग्न, मुलगा कस्टममध्ये.
तोंडात पानिकेके होता, बरं झालं.
मग मासीना समोर आली आणि हसत म्हणाली, "आणि तुझंही ठरलंय की, लबाडा! कोण ती? दोन आठवडे माझ्यापुढे बसलास, पण अक्षर नाही बोललास!" बोट माझ्या कानाकडे.
चाचपलं. डावा.
तेव्हा पहिल्यांदा मान वर करून तिच्याकडे बघितलं. तिचंही फूल डाव्याच कानामागे. दहा-बारा दिवस डाव्याच. काच म्हणजे समोरचं माणूस नव्हे.
फॉर्म घेऊन गेलो. मॅडम म्हणाल्या, "बेकरी अजून उलटीच आहे, तानिएलू. या वेळी बँकेचा कागदही उलटवला नाहीस. सही नाही." मी फाइल उचलली, डोक्याच्या वर. मॅडमनी चष्मा काढला. "आपट की. पण कुठल्या हाताने आपटतोयस, ते आधी सांग."
सांगता येईना. हात दुखायला लागला. फाइल खाली ठेवली.
"सोमवारी आठ वाजता ये. दोन आठवडे, पुन्हा पहिल्यापासून. मग बघू सहीचं. आणि टेबल फिरवून घे, तोंड दाराकडे."
गेलो नाही पळून. टेबल फिरवलं. एक बाजू मासीनाने धरली.

रविवार, १८ ऑगस्ट
आईला सांगितलं की फर्म मला सोडायलाच तयार नाही. खोटं नाही.
आईने चर्चमध्ये गायनाच्या आधी सगळ्या बायकांना सांगितलं. माटालेना मॅडम पुढच्याच रांगेत होत्या. वळल्या, माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. आधी डावीकडे की उजवीकडे, ते मला सांगता येणार नाही.