ऐंशीच्या आत

११ ऑगस्ट

सत्त्याण्णव किलो चारशे ग्रॅम! नगरच्या डॉक्टरीणबाईंनी दोनदा काट्यावर उभं केलं. मला वाटलं काटा बिघडलाय. नाही. मीच.

सरळ बोलल्या — रक्तगट जुळतो, बाकी तपासण्याही बऱ्या, पण लिव्हरवर चरबी आहे आणि पोट हे असं. "कल्याणराव, ऐंशीच्या आत या. सहा महिने देते. मग तुमची किडनी बहिणीला बसवायचं बघू. तोवर मृत दात्याच्या किडनीसाठी तिचं नाव पुण्याच्या यादीत राहू द्या. पण त्या यादीत वर्षानुवर्षं नंबर लागत नाही."

दिपाली बाहेर बाकावर बसलेली. एकतीस वर्षांची पोर, आठवड्यातनं तीनदा डायलिसिस. मला बघून म्हणते, "नापास झाला ना दादा?" आणि हसत होती!

रोज काय खाल्लं ते लिहून ठेवा म्हणाल्या. म्हणून ही वही. मी आचारी माणूस. दहा कढया चाखल्याशिवाय माझा दिवस सरत नाही. लिहू तरी काय काय?

१४ ऑगस्ट

शाळेच्या मैदानावर गेलो. उजाडायच्या आत, कुणी बघू नये म्हणून. अर्धी फेरी! मग झाडाला धरून उभा राहिलो. छातीचा नुसता भाता झाला. दोन म्हाताऱ्या फिरायला आल्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "पाणी आणू का रं?"

१५ ऑगस्ट

अंग ठणकतंय. गेलो नाही. झेंडावंदनाची जिलेबी — चार. खरं लिहायचं ठरलंय. सहा.

१९ ऑगस्ट

आज काकासाहेब सर भेटले. आम्हाला शाळेत पी.टी.ला होते, आता रिटायर. ऐंशीला टेकले तरी मैदान सुटलेलं नाही. लांबूनच ओरडले, "आचारी, कुत्रं लागलंय का मागं?"

"न्हाई सर."

"मग एवढा जिवाच्या आकांतानं का पळतो? एक मिनिट पळ, दोन मिनिटं चाल. आन् पळताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत न्हाई म्हंजी लई जोरात पळतोय. चल, शंभर माणसांचं सामान म्हण!"

म्हणत पळालो — तांदूळ दहा किलो, तूरडाळ चार, वांगी बारा, शेंगदाणे... गोडेतेलापाशी दम संपला.

"उद्या हिंग-मोहरीपर्यंत जायचं," म्हणाले.

२ सप्टेंबर

हिंग-मोहरी झाली!! दोन फेऱ्या न थांबता! सर म्हणाले, "आता मठ्ठा राहिला." वजन ९५.

तीन भाकरींवरून दोनवर आलोय. स्वयंपाक चाखायचा तो चमचाभर, वाटीभर नाही. कामावरची माणसं म्हणतात, आचारी चिडका झालाय. झालोय.

९ सप्टेंबर

माझ्या मापाची पळायची पँट आमच्या सोनईत कुठं मिळेना. दिपालीनं शिवून दिली. टेलरिंगचं दुकान तिचंच, हात अजून सरसर चालतो, फक्त मधूनमधून बसावं लागतं. माप घेताना टेप पोटाभोवती न्यायला तिचे हात पुरेनात! दोघंही पोट धरून हसलो. मग टेप बाजूला ठेवून म्हणाली,

"दादा, मला नको तुझी किडनी. तुला दोन पोरं हायेत."

"आणि तू कोण हायेस?"

तिनं कमरेला जादा कापड ठेवलं. म्हणाली, आत घ्यायला बरं पडेल.

२६ सप्टेंबर

आज फार वाईट वागलो. मुद्दाम नाही, पण वागलो.

पळून आलो, घामानं निथळत. ओट्याजवळ उभा राहून तांब्या तोंडाला लावला, घटाघटा सगळा संपवला. वर तोंडानं "आहाहा!" मागं वळलो तर दिपाली. लघवी होत नाही, म्हणून तिला दिवसाला मोजून पाणी. चहासकट. उन्हाळ्यात बर्फाचा खडा चघळून दिवस काढलेत तिनं.

मी म्हणालो, चुकलं गं. ती म्हणाली, "तांब्याचं सोड. कुठवर गेला होतास ते सांग."

"पाटाच्या पुलापर्यंत."

"पाटाला पाणी हाय?"

"हाय. काठोकाठ."

"अजून काय दिसलं?"

बगळे सांगितले. म्हशी धुणारा माणूस सांगितला. ऊस कुठवर वाढलाय ते सांगितलं. ती डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, रोज सांगायचं. माझ्यापासून चोरून आनंद करायचा नाही.

म्हणजे तिला कळलंय! मलाच आत्ता लिहिताना कळतंय — मला मजा यायला लागलीय.

१२ ऑक्टोबर

हे कसं लिहू!

रोजच्यासारखा पाटाच्या कडेनं निघालो. थंड वारं. पुलापर्यंत नेहमीची रड — गुडघा, पोटरी, श्वास. आणि पुलाच्या पुढं काय झालं कोण जाणे! श्वास आपोआप लागला. पाय आपोआप पडायला लागले. गूळ उकळताना आधी नुसता फेस येतो, मग एकदम पाक जमून तार धरतो, तसं अंगाला तार आली. मी पळत नव्हतो, पळणं चाललं होतं. चव्वेचाळीस वर्षांत हे शरीर मला कधी आवडलं नव्हतं. आज आवडलं!

परत फिरायला विसरलो. तीन किलोमीटर! वजन ९०.२. कंबर दोन बोटं आत.

२३ नोव्हेंबर

लग्नसराई. आठ दिवसांत पाच कामं. पळणं बंद. झोप नाही. मसालेभात, बुंदी, वर गुलाबजाम — हातानंच तोंडात जातं, डोक्याला विचारतसुद्धा नाही. वजन ८९.५. दीड महिन्यात पाऊण किलोसुद्धा उतरलं नाही.

बायको, सुकन्या, म्हणाली, "अहो, द्या ना सोडून." मला वाटलं पळणं. म्हणाली, "तसं नव्हे. किडनीचंच. उद्या तुमालाच काय झालं तर मी आन् पोरांनी कुठं जायचं?" इतके दिवस मनात ठेवून होती बिचारी. भीती मलाही वाटते. डॉक्टरीणबाई कुठं चिरणार ते बोट लावून दाखवत होत्या, तेव्हा मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. हे फक्त इथं लिहितोय.

२७ नोव्हेंबर

दिपालीला सकाळी धाप लागली. छातीत पाणी झालं. नगरला नेईपर्यंत गाडीत तिचा हात माझ्या हातात होता, बोटं नुसती गार. तातडीनं डायलिसिस केलं. दुपारी डोळे उघडले. पहिला प्रश्न — "आज पळालास?"

सुकन्या तिथंच होती. परत येताना गाडीत म्हणाली, "उद्यापास्नं पाचला उठवते तुमाला."

२८ नोव्हेंबर

उठवलं. पळालो.

२४ डिसेंबर

पाच किलोमीटर!!! एका दमात! कारखाना चालू झालाय, रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्यांची रांग. एक ट्रॅक्टरवाला शेजारून चालला होता, गाणी मोठ्यानं लावलेली. म्हणतो, "बसा की, सोडतो!" मी म्हणालो, "न्हाई हो, मी हौसेनं पळतोय!" तोंडातून निघून गेलं — हौसेनं!

सर म्हणाले, शंभराचं सामान सोड, आता हजाराचं म्हण.

वजन ८५.१. कामावर लग्नघरचे मला ओळखत नाहीत. "आचारी आले न्हाईत का?" असं मलाच विचारतात.

१८ जानेवारी

थंडीनं दात वाजत होते. गेलो. ८२.४.

११ फेब्रुवारी

७९.६!!!

डॉक्टरीणबाईंनी स्वतः उठून काटा बघितला. लिव्हर साफ. सगळे रिपोर्ट नीट. "कल्याणराव, तुमच्यासारखा पेशंट विरळा." मी म्हणालो, मी पेशंट नाही, तीच आहे. दिपाली टाळ्या वाजवत होती, नर्सा बघत होत्या. कागदपत्रं, परवानगीची कमिटी वगैरे उरकून ३ मार्चला ऑपरेशन. पुण्याला.

येताना घोडेगावला थांबलो. मी एकच भजं खाल्लं. एकच! उरलेली सुकन्यानं.

घरी आल्यावर दिपालीनं विचारलं, "भ्या वाटतं का दादा?" म्हणालो, वाटतं. म्हणाली, मलाही. मग आम्ही बराच वेळ पत्ते खेळत बसलो.

२१ फेब्रुवारी, पुणे

परवा दुपारी फोन आला — यादीत दिपालीचा नंबर लागला! कुणा अनोळखी माणसाच्या घरच्यांनी, तो गेल्यावर, किडनी दिली. त्या घरात आज काय चाललं असेल, विचार करवत नाही. काल ऑपरेशन झालं. किडनी चालू झाली! पिशवीत लघवी बघून सुकन्या हमसून रडली.

माझी माझ्यापाशीच राहिली. आता ऐंशी काय नि शंभर काय, कुणी विचारणार नाही.

पाचला जाग आली. बूट घातले. चार किलोमीटर पळून आलो.

नुसतंच.