सायलस कोणाच्या मागे उभा राहिला

कॉरिंथजवळची छावणी, मिसिसिपी
मे १८६२

प्रिय लुसिंडा,

मी धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो. अक्षर वेडंवाकडं आलंय ते संतापाने.

भरतीचं वर्ष भरलं म्हणून गेल्या आठवड्यात आमच्या कंपनीने पुन्हा कॅप्टन निवडला. रीत तुला ठाऊक आहे, ज्याला जो हवा त्याच्या मागे जाऊन उभं राहायचं. माझ्याविरुद्ध कोण, तर गुत्तेवाला टॉलिव्हर. डुक्करचोरीच्या खटल्यातून त्याला मीच सोडवला होता. मी तासभर उत्तरेपासून आपल्या दक्षिणेच्या स्वातंत्र्यावर बोललो. तो एवढंच म्हणाला, "वकीलसाहेब तुम्हाला ओढ्यापासून लांब संडासाचे चर खणायला लावतात. मी नाही लावणार."

झालं. सगळे त्याच्या मागे. तुझा लाडका भाऊ सायलससुद्धा, मान खाली घालून. आपला गुलाम आयशम, ज्याला मत नाही, माझा घोडा धरून गालात हसत होता, तेही मी पाहिलं.

हरलेल्या कॅप्टनला घरी यायची मुभा आहे. माझं सामान बांधून झालं होतं. पण चर बंद झाले, ओढा नासला, आणि सायलसला जुलाब लागले नि ताप चढला. तुझ्या आईला सांग, साधा ताप आहे. टॉलिव्हर एकदाही फिरकला नाही. लांबच्या झऱ्याचं पाणी आणून मीच पाजतोय.

मका पेरून झाला का? धाकटीचा खोकला?

ग्लानीत सायलस मला अजून कॅप्टन म्हणतो. एकदा उठून बसू दे त्याला, जन्मात त्याच्याशी बोलणार नाही. तोवर इथून हलत नाही.

तुझा, अजून धुमसणारा,
लिअँडर