मेंढ्याच्या छातीतलं गाणं

३ नोव्हेंबर
पोचलो एकदाचा. किझिल शहरापासून ट्रकच्या फळीवर बसून ढुंगण सोलवटलं, पण मन खूश आहे. हिवाळाभर ओर्लानदादाच्या मेंढ्या राखायच्या. घर सोडून एवढ्या लांब आलो ते मात्र मेंढ्यांसाठी नाही, दादाच्या गळ्यासाठी. एकाच श्वासात दोन आवाज काढतो, खाली घरघर, वर शीळ. त्याचा दोस्त खेरेल इगिलवर साथ करतो. घोड्याच्या केसांच्या दोनच तारा, पण गज फिरवला की वाटतं घोडाच रडतोय. खारट चहा पीत बसलो होतो. माझं गाणं ऐकून खेरेल म्हणाला, या याकला बद्धकोष्ठ झालंय. चोदुरावहिनी एवढी हसली की चहा सांडला. दादा म्हणाला, गळा दाबू नको लेका, पोटातून काढ. जमलं तर उन्हाळ्याच्या जत्रेत तिघं मिळून गाऊ. मला झोपच येईना.

१४ नोव्हेंबर
आज दादाने मेंढा कापायचं काम पहिल्यांदा माझ्याकडे दिलं. छातीवर लहानशी चीर, हात आत, काळजाजवळची शीर चिमटून तोडायची. रक्ताचा थेंब जमिनीवर नाही. आणि जीव जाईपर्यंत सगळे गप्प, म्हणजे त्याचा श्वास वाट चुकत नाही. हे मला काय ठाऊक नव्हतं? पण शीर बोटांत थडथड उडत होती, आणि तिच्या ठेक्यावर गळा सुटला. गायलो. अशी शीळ जन्मात निघाली नव्हती. मेंढा माझ्याकडे बघत होता. शीर तुटली, आणि माझ्या गाण्यात तिसरा आवाज आला.
दादाने कानाखाली जाळ काढला. ओरडला, मरणाऱ्याचा श्वास गिळतोस भडव्या? वहिनीने दोष जावा म्हणून चारी दिशांना दूध शिंपडलं. वसंतापर्यंत गायचं नाही, असं बजावलंय.

१९ नोव्हेंबर
राहवलं नाही. टेकडीआड जाऊन गायलो. तिसरा आवाज आलाच. काय गोड! परतलो तर मेंढवाड्यात एक मेंढी मरून पडलेली, अंगावर ओरखडा नाही. दादाने फाडली. आत शीर तुटलेली.
दादा माझ्या हाताकडे बघत राहिला.

२३ नोव्हेंबर
आज गायलो नाही, आईची शपथ. घास चावताना गळा आपोआप उघडला. बाहेर खेरेलचा घोडा कोसळला. खेरेलने मला बुटांनी तुडवलं. दोन दात गेले. दात पडताना पण गळा गातच होता —

२४ नोव्हेंबर
खेरेल समेटाला आला. म्हणाला, ऊठ रे याक, माफ केलं. इगिल घेतलं. गज टेकला आणि माझा गळा —
त्याच्या तोंडातून रक्त आलं. तारांवर, माझ्या तोंडावर. माझा हात माझ्या मांडीवर होता. तरी बोटांत शीर उडत होती. खेरेलची. तुटली तेव्हा मला कळलं.

२५ नोव्हेंबर
वहिनी मांत्रिकबाईला आणायला गेली. दादाला म्हटलं, माझा गळा चीर. सुरा टाकून रडत बाहेर गेला.
मीच कुऱ्हाडीने उजव्या हाताची बोटं तोडली. डाव्या हाताने लिहितोय. तोंडात लोकर कोंबलीय —
लोकरीतून येतंय.
दादा परत येतोय. त्याला वाटतंय मी रडतोय. दादा, हे रडणं नाही, पळ —
नसलेल्या बोटांत थडथड. दादाची. सोडतोय, मी सोडतोय, पण चिमटा घट्ट —