पिठातली रेघ

४ मार्च, सोमवार

डोरिस पेटीत नाही!

सकाळी चहाचा कप घेऊन गेलो तर काच बोटभर सरकलेली. फांदीवर नाही, सालीखाली नाही, पाण्याच्या भांड्यात नाही. काल पेटी पुसली आणि काच लावली. लावलीच होती. शेवटी फट बुजली का ते मी बोटानं चाचपून बघतो. काल चाचपली का? आठवत नाही. ठिपक्यांच्या अजगरात ती मुळातच बारीक, दोन हात लांब असेल नसेल. तिला बोटभर फट म्हणजे हमरस्ता.

सोफा उलटा केला. टोस्टर, रेडिओ, फ्रिजची मागची बाजू, माझ्या बायकोच्या, आयडाच्या शिलाई मशीनचं पोट, सगळं बघून झालं. बंद कपाटं सोडून दिली, बंद कपाटात कशी जाईल? बाहेरच्या दारांच्या फटींत ओले टॉवेल कोंबले. प्रत्येक उंबऱ्यावर पीठ भुरभुरवलं. कुठूनही सरपटली तरी रेघ उमटेल.

लिनला सांगायचं नाही. मागच्या महिन्यात दिव्याखाली पडदा करपला तेव्हाच ती म्हणाली होती, "बाबा, आणखी एक चूक झाली की ही जनावरं जाणार. आणि तुम्ही माझ्याकडे ब्रिस्बेनला." पोरगी वाईट नाही. पण ब्रिस्बेनला तिचं घर चौथ्या मजल्यावर. तिथं मी काय करू? लिफ्ट बघत बसू?

पडदा करपला कारण दिवा हलका आणलेला. हल्ली वस्तूच वाईट निघतात.

५ मार्च, मंगळवार

पिठात माझेच पाय. आणि पालीचे.

रात्रभर पाऊस. सोफ्यामागे गरम पाण्याची पिशवी लोकरीच्या मोज्यात घालून ठेवली. उबेला येईल म्हणून. नाही आली.

शेजारची बेरिल लिंबं घेऊन आली, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून. उंबऱ्यावर थबकली. "काय रे क्लेम, फरशीवर पाव भाजतोयस?"

म्हटलं, मुंग्या झाल्यात.

"मुंग्यांना पीठ घालतोस? मग लोणीही लाव की." हसली. मग जाता जाता म्हणाली, "ओढा चढलाय. पट्टेवाले विषारी साप वर यायला लागलेत. मागचं दार लावून घे. माझा टोबी गेला तो असल्याच पावसात."

टोबी तिचा कुत्रा. साप चावल्यावर पायऱ्याही चढू शकला नाही. बिचारी अजून त्याचं भांडं व्हरांड्यात ठेवते.

मागच्या दाराखाली टॉवेल आहे. तो जरा सरकलाय असं वाटलं, परत कोंबला.

६ मार्च, बुधवार

नाही. पेपर वाचायला घेतला, अक्षरं बारीक करून ठेवलीत मेल्यांनी.

७ मार्च, गुरुवार

लिनचा फोन. रविवारी येते म्हणाली. नुसती येत नाही, परीक्षा घ्यायला येते.

"बाबा, तुम्ही म्हणता ना सगळं जमतं? मग माझ्यासमोर डोरिसला बाहेर काढा. हातात धरा. परत ठेवा, काच लावा. तेवढं नीट केलंत तर मी पुन्हा ब्रिस्बेनचं नाव काढणार नाही. शब्द."

"आणि नाही जमलं तर?"

"तर तुम्हीच सांगा."

मी म्हटलं, ये, जेवायला ये, भाजलेलं मटण करतो. फोन ठेवला. रिकाम्या पेटीतून काय काढून दाखवू? फांदी?

सार्जंट सरडा त्याच्या पेटीतून निळी जीभ काढून माझ्याकडे बघत होता. त्याला स्ट्रॉबेरी दिली. एकाला तरी काही काळजी नाही.

आयडा असती तर हसली असती. साप आणायला तिचाच विरोध, आणि नाव ठेवलं तेही तिनंच, तिच्या मावशीचं. "तीही अशीच जेवून आठवडाभर पडून राहायची," म्हणाली होती.

८ मार्च, शुक्रवार

सापडली! सापडली! सापडली!!

संध्याकाळी मागच्या कपडे धुण्याच्या खोलीत गेलो. तिथला बल्ब गेलाय. गमबुटांच्या मागे काहीतरी हललं, तपकिरी, ठिपक्याठिपक्यांचं. मी मागेपुढे बघितलं नाही. उशीचा अभ्रा टाकला, वरूनच मुठीत धरून अभ्रा उलटा केला आणि गाठ मारली. चाळीस वर्षं असंच करत आलोय, हाताला सांगावं लागत नाही.

केवढी वळवळली! आत फुसफुसत होती, कापडावर तोंड आपटत होती. डोरिस कधी असं करत नाही. चार दिवस उपाशी, गारठ्यात, तिचं तरी काय चुकलं? अंगही कापडातून खरखरीत लागलं. कात येत असणार. कात यायच्या आधी ती चिडचिडीच असते.

आणि खरी गंमत लिहायची राहिली. त्या खोलीत पिठावर रेघ होती, छान वळणावळणाची. मी गुडघ्यावर बसून बोटानं माग काढला. रेघ मागच्या दारापासून आत आलेली! टॉवेल पुन्हा सरकला होता. म्हणजे बाई बाहेर गेल्या, पावसात हिंडल्या आणि आपल्या पायांनी... पाय कसले, पण घरी परत आल्या! साप माणसाला ओळखत नाही म्हणतात. म्हणू देत.

अभ्रा पेटीत रिकामा केला, काच लावली, फट चाचपली. दोनदा. कुलूप लावलं.

एक बिअर प्यायलो. लिनला फोन करून म्हटलं, रविवारी भूक घेऊन ये.

९ मार्च, शनिवार

जेवली नाही.

बर्फातला उंदीर कोमट पाण्यात मऊ केला, चिमट्यानं नाकासमोर हलवला. डोरिस असल्या उंदरावर झडप घालते. आज तोंड फिरवलं. थोड्या वेळानं मी काचेजवळ गेलो तर थाडकन काचेवर आपटली! मी मागे खुर्चीत पडलो. काचेवर ओघळ आला. पाण्याचा असेल, मी पुसून टाकला.

फांदीवर चढत नाही. दिवसभर सालीखाली. अंधार पडला की बाहेर.

सार्जंटलाही काय झालंय कोण जाणे. त्याची पेटी हिच्या समोरच, वर्षानुवर्षं एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. काल रात्रीपासून हा अंग फुगवून, तोंड उघडून फूत्कारतोय. शेवटी त्याच्या काचेवर पेपर लावला.

बेरिलला दारातूनच दाखवली. ती आत येत नाही. म्हटलं, डोरिस हल्ली फार चिडलीय, बाहेर फिरून आली ना.

"परदेश बघून आली की अशीच शेफारतात," बेरिल म्हणाली. "आमचा जावई बालीहून आला तेव्हा महिनाभर आमचा चहा गोड लागत नव्हता त्याला." मग म्हणाली, "लांबून बरी दिसते. पट्टे होते का रे हिला?"

ठिपके, म्हटलं. तुझा चष्मा बदल.

"माझा?" म्हणाली आणि गेली.

आता उद्याचं. नियम असा की नवीन किंवा घाबरलेलं जनावर स्वतःहून जेवेपर्यंत हातात घ्यायचं नाही. हा नियम मी आजवर मोडला नाही, दुसऱ्यांनी मोडला तर त्यांना झापलंय. पण लिन थांबणार आहे का? तिला सांगितलं, जेवली नाही म्हणून आज नको, तर म्हणेल, झाली सुरुवात कारणांना.

ठरवलं. सकाळी लवकर, लिन यायच्या आधी, एकदा काढायची. मोकळ्या हातानं. हातमोज्यांना घाबरते ती. माझ्या हाताचा वास लागला की शांत होईल. मग लिनसमोर काही अडचण नाही.

पाणी बदलायला मघाशी हात आत घातला होता. कोपऱ्यात वेटोळं करून बसली होती, तोंड माझ्याकडे. अजिबात हलली नाही. बघा, ओळखते.

तरी झोप येत नाही. उगाच.

१० मार्च, रविवार

सकाळी तिला काढायच्या आधी हात धुतले. पुसायला टॉवेल नाही, सगळे दारांखाली. म्हणून बॉयलरशेजारचं आयडाचं कपाट उघडलं. तिचे जुने टॉवेल. हात घातला तर ऊबदार, गुळगुळीत काहीतरी. हलकेच मनगटाला विळखा घालून बाहीत शिरलं.

शेपटीला बोट लावलं. टोक नाही. पिल्लू असताना उंदरानं कुरतडलेलं.

डोरिस.

बराच वेळ तिथंच जमिनीवर बसलो, ती माझ्या शर्टात. पेटीकडे बघत होतो. माझ्या डोळ्यांना इथूनही ठिपकेच दिसतात.

पेटीवर आयडाची जाड गोधडी टाकली, काचेला टेबल लावलं. खोलीचं दार बंद केलं.

मग लिनला फोन. म्हटलं, येताना जपून, मागच्या दारानं येऊ नको. साप पकडणाऱ्याला बोलावलंय.

"साप पकडणारा कशाला? डोरिसला काय झालं बाबा?"

डोरिसला काही नाही झालं, म्हटलं. मला दिसत नाही गं, बाळा.